चावी फिरवायच्या आधी

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या घरी, सावंतवाडीजवळ, वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील डॉक्टर. खेडोपाडी व्हिजिटला तीच गाडी असायची. ते आजारी पडले तेव्हापासून ती पडवीला लागून उभी आहे. ते गेल्यावर भावाने आणि मी ठरवलं की ती भंगारात द्यायची नाही. इंजिन कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणलं, पत्र्याचं काम कुडाळला झालं. मध्ये लॉकडाऊन आला, मग पार्ट मिळेनात, मग आमचे मिस्त्री आजारी पडले. इंजिन बसवलं, पण चालू करायचं राहूनच गेलं. त्यालाही आता दोन पावसाळे झाले. शेजारचा मुलगा म्हणतो, नवी बॅटरी टाका आणि सेल्फ मारा. आईचं म्हणणं, घाई नको. काय करावं? हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल या गाडीला चालेल का? कागद अजून वडिलांच्याच नावावर आहेत. यंदा गणपतीत आंबोली घाटाने आजऱ्याला मावशीकडे जायचं मनात आहे. वडिलांची एक वही आहे, तिच्यात त्यांनी पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळं लिहून ठेवलंय. तिचा काही उपयोग होईल का?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, आईचं ऐका. ओव्हरहॉल केलेलं इंजिन न चालवता दोन पावसाळे कोकणच्या हवेत उभं राहिलं, तर त्याला नवं म्हणता येत नाही आणि जुनंही म्हणता येत नाही. जुळणी करताना बेअरिंगला आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) लावलेलं ऑइल निथळून खाली गेलेलं असतं. अशा इंजिनाला थेट सेल्फ मारला की पहिले काही फेरे धातूवर धातू कोरडाच फिरतो. तुम्ही उद्यमनगरात मोजलेले पैसे त्या काही सेकंदांत वाया जाऊ शकतात.

पण इंजिनाच्याही आधी ब्रेक. माझ्याकडे अशी गाडी आली की पहिल्या दिवशी मी बॉनेट उघडतच नाही. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची आणि चारही चाकं काढायची. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वर्षानुवर्षं हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ड्रम सहज निघणार नाहीत, लायनर ड्रमला धरून बसलेले असतात. ॲडजस्टर सैल करून लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत काढा, घणाचे घाव घालू नका. ड्रम निघाला की व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपी बोटाने मागे सारून बघा. आत ओल दिसली, तांबूस गाळ दिसला, की आतल्या रबरांचं किट बदलायचं. बोअरला खड्डे पडले असतील तर अख्खा सिलिंडर बदलायचा. खड्डे पडलेल्या सिलिंडरला नुसतं किट घालून काम भागवणारे पुष्कळ आहेत. महिन्याभरात तो परत गळतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून एरवीही ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमच्यातलं किती जुनं आहे ते वडिलांच्या वहीत मिळेल. वहीचा पहिला उपयोग हाच: ब्रेकचं काम, बॅटरी, टायर, फॅन बेल्ट यांच्या शेवटच्या तारखा एका कागदावर उतरवून काढा आणि जो कोणी काम करणार आहे त्याच्या हातात द्या. पाणी शिरलेलं ब्रेक ऑइल सपाट रस्त्यावर काही कळू देत नाही. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. आंबोलीच्या उतारावर हे होऊ द्यायचं नसेल तर जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा काढून घ्या.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. चाकाकडे जाणारे ब्रेकचे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढला तरी मागे येत नाही, आणि ते चाक धरूनच राहतं. जुने होज तपासत बसू नका, बदला. सगळं जोडल्यावर पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. पायाखाली ते हळूहळू खाली सरकायला लागलं तर कुठे गळतंय ते शोधा. कुठेच गळत नसेल तर मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य सिलिंडर) काढायला लागेल. तुमच्या गाडीला एकाच सर्किटचा मास्टर असेल तर एका चाकाचं ऑइल गळालं तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून मी ब्रेकपासून सुरुवात करायला सांगतोय.

आता इंजिन. ज्या मिस्त्रींनी ते बसवलं ते आजारी असले तरी त्यांच्याकडे जाऊन या. सोबत काही खाऊ न्या आणि नीट विचारा: क्रँक ग्राइंड केला का, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे घातले की जुनेच, हेड टॉर्क पान्याने आवळलं का, ऑइल भरलंय की नाही, कार्ब्युरेटरच्या तोंडाला किंवा मॅनिफोल्डला कापडाचा बोळा लावून ठेवलाय का. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. धूळ जाऊ नये म्हणून लावलेले बोळे तसेच राहिलेले मी पाहिलेत. आणि उंदीर! एअर फिल्टरचा डबा उघडा, सायलेन्सरच्या नळीत टॉर्च मारा, वायरिंगवर हात फिरवा. कोकणात बंद गाडी म्हणजे उंदरांचं बाळंतघर.

मग चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर जाऊ द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि हाताने, अगदी सावकाश, फिरवा. प्लग काढलेले असल्याने दाब नसतो, फक्त नव्या रिंगांची एकसारखी घासण हाताला लागली पाहिजे. मध्येच कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा. जोर लावू नका, पान्याला पाइप तर अजिबात लावू नका. थोडं मागे फिरवून परत पुढे घ्या, तरीही त्याच जागी अडत असेल तर हेड उघडायला हवं. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की अर्धी लढाई झाली.

त्यानंतर उभ्या गाडीतलं ऑइल काढून टाका, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा. ऑइल पंपात ऑइल चढवायचं ते इंजिन पेटवून नव्हे. प्लग बाहेरच असू द्या, कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणाऱ्या डब्याची) बारीक वायर काढून टेप लावा आणि सेल्फ आठ-दहा सेकंद फिरवा, थांबा, परत फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करायचं. दिवा विझतच नसेल तर पुढे जायचं नाही, पंपाला ऑइल मिळत नाहीये. कॉइलची वायर काढायला का सांगतो? जुन्या गाडीत कॉइलचा करंट जोडायला-तोडायला पॉइंट असतात, ते मिटलेले असताना चावी चालू राहिली की कॉइल तापते आणि जळते. उभ्या गाडीवर काम करताना कितीतरी चांगल्या कॉइल अशाच जातात. पॉइंटवर गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून गॅप लावा, कंडेन्सर आणि रोटर नवेच घाला. फार खर्चाची वस्तू नाही.

पार्ट मिळेनात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण उघड आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनणं बंद झालं त्याला पंचवीसएक वर्षं झाली. तरीही इतकी वर्षं पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. मी काम शिकलो तेच टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजात. पहाटे पॉइंट सेट करून गाडी द्यायची, रात्री क्लच प्लेट टाकायला तीच परत यायची. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तो बाजार आटला. म्हणून तुमच्या गाडीतून काढलेली एकही जुनी वस्तू फेकू नका. पेट्रोल पंपाची बॉडी, डेल्कोचा (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) शाफ्ट, दाराची हँडल, सगळं डब्यात घालून नावं लिहून ठेवा. पुढे तेच दुरुस्त करून वापरायला लागणार आहे.

पेट्रोलचं म्हणाल तर टाकीतलं जुनं पेट्रोल झाकण उघडून हुंगा. जुनाट वॉर्निशचा उग्र वास आला की ते इंजिनात जाऊ द्यायचं नाही. टाकी खाली उतरवून धुवा, आत गंज असेल तर तो काढून घ्या, पाइपात हवा मारा, कार्ब्युरेटर पूर्ण उघडून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ करा. फ्लोटची सुई चिकटली असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनावर सांडतं, आणि गाडीला आग लागते ती अशीच. पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या अंगणात हवी, आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं, आणि एकाने फक्त कार्ब्युरेटरकडे बघत उभं राहायचं.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९८४च्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. त्यामुळे पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचं गॅस्केट किटही त्याच जातीचं मागा. इथेनॉल पाणी धरतं. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होऊन बसतं, आणि इंजिन पहिल्यांदा तेच ओढतं. तेव्हा पेट्रोल थोडं भरा आणि लवकर संपवा. गाडी उभीच ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं, गाडी ओढताना अडखळली तर मिस्त्री जेट एक नंबर मोठा करून बघेल. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, आणि ते शिसंच जुन्या व्हॉल्व्ह सीटना सांभाळायचं. हेड उघडलं होतं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट बदलल्या का, तेही विचारून घ्या. जुन्या सीट असतील तर त्या हळूहळू खचतात आणि टॅपेटची गॅप कमी होत जाते. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे चांगलं असं समजू नका, गॅप मोजत राहा.

पहिला स्टार्ट. रेडिएटरमध्ये कूलंट, नवे होज, चार्ज केलेली बॅटरी. इंजिन पेटलं की आधी लाल दिव्याकडे बघा, आवाजाकडे नंतर. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे घातले असतील तर त्याला आयडलवर सोडू नका. रेस थोडी वर धरून, कमी-जास्त करत, पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे कॅमला ऑइलचा शिडकावा नीट मिळतो. जुनेच असतील तर इतकं थांबायची गरज नाही, गरम झालं की गाडी फिरवायला न्यावी. नव्या रिंगा बोअरला बसतात त्या लोडखाली, जागच्या जागी घरघर करून नाही. सुरुवातीला निळसर धूर येणार, तुम्ही प्लगच्या भोकातून सोडलेलं ऑइलच जळतंय ते. पांढरी वाफही थोडा वेळ येईल. डिपस्टिकवर मात्र पिवळट साय दिसली तर इंजिन बंद करा, ऑइलमध्ये पाणी येतंय. इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे बोल्ट परत टॉर्कने बघून घ्या आणि टॅपेट सेट करा.

टायरकडे नक्षी किती उरलीय म्हणून बघू नका. बाजूला चार आकडी कोड असतो, ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी जितकी वर्षं उभी आहे त्यावरून मला वाटतं तुम्हाला पाचही टायर नवे घ्यावे लागतील. नक्षी शाबूत असली तरी रबर मेलेलं असतं.

आजऱ्याला यंदा गणपतीत जाऊ नका, ताई. मनापासून सांगतो. पहिले पाचशे किलोमीटर सावंतवाडी, बांदा, कुडाळ एवढ्यातच फिरवा. वेग बदलता ठेवा, वरच्या गिअरला गुरगुरत ओढू नका, गाडीत चौघांना बसवून चढ चढू नका. पाचशेला ऑइल बदला. काढलेलं ऑइल उन्हात पांढऱ्या ताटलीत ओतून बघा: बारीक करडी चकाकी चालेल, चिमटीत येणारा कण चालणार नाही. घाट त्याच्यानंतर, पाऊस उघडल्यावर.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा, गाडीच्या कामापेक्षा त्याला जास्त दिवस लागतात. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवायची, हरित कर भरायचा, आणि उशीर झाला म्हणून वेगळा दंड. तुमच्या गाडीचा नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असेल. तो संगणकात चढलेला आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. नसेल तर मूळ आरसी पुस्तक दाखवून नोंद चढवून घ्यायला लागते, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही. मग विमा, पीयूसी आणि नव्या सुरक्षा नंबरप्लेटा. खंड पडलेला विमा घ्यायचा म्हणजे कंपनीचा माणूस गाडी बघायला येऊ शकतो, तेव्हा ती नीट उभी असू द्या. विमा नसताना फाटकाबाहेर अगदी कोपऱ्यापर्यंतही नेऊ नका. त्या दिवसांत काही झालं तर समोरच्याचं नुकसान तुमच्या घरावर येतं.

आईंना पहिल्या फेरीला पुढे बसवा. पण ब्रेक पास झाल्यावरच.

प्रश्न : माझी मारुती ८०० अपघातानंतर बॉडी शॉपमध्ये बरेच महिने होती. पत्रा, रंग उत्तम झालाय. पण आता दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे. दिवेही पूर्वीपेक्षा मंद वाटतात. दुकानदार बॅटरी बदलून द्यायला तयार नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बॅटरी चांगली असणार. मंद दिव्यांचं लिहिलंत ते बरं झालं, त्यावरून मला रंगाचा संशय येतो. बॉडीला जिथे अर्थिंगच्या वायरी स्क्रूने आवळलेल्या असतात तिथेही रंग मारला जातो, आणि स्क्रू त्या रंगावरच परत बसवतात. करंटला परतीची वाट मिळत नाही, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही, दिवे मिणमिणतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला आणि इंजिनाला जिथे जोडली आहे त्या जागा उघडा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, जोडा, वरून थोडं ग्रीस लावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

तरीही उतरत असेल तर काहीतरी चोरून करंट खातंय. चावी काढा, दारं लावा, निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मध्ये ॲमीटर जोडा. पंधरा मिनिटांनी पन्नास मिलीॲम्पिअरपेक्षा जास्त दिसत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल ती लाइन चोर. म्युझिक सिस्टीम आणि नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग यांच्याकडे आधी बघा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड वायर सोडवा (बॅटरी पूर्ण सोडवून मगच), परत मोजा. आता आकडा खाली आला तर अल्टरनेटरमधला डायोड गेलाय.

प्रश्न : आम्ही दोघं दर वर्षी सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला असतो. पुण्यातली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. शेजारी दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करतात. एवढं पुरेसं आहे ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्यांचे आभार माना, पण ते थांबवा. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठत राहतं, आणि स्टार्टला खर्च झालेला करंटही भरून निघत नाही. त्यांना जमत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवायला सांगा, एसी लावून. तुमच्या परवानगीची एक चिठ्ठी आणि चालू विम्याची प्रत गाडीत ठेवा. जमत नसेल तर गाडीला कोणी हातच लावू नये. जाताना टाकी भरा, ऑइल बदला, टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट हवा जास्त ठेवा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावा. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याच्याखाली पावसाळ्यात घाम धरतो, कापडी चालेल. आल्यावर चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडून उंदरांची चौकशी करा आणि ब्रेकचं पेडल दाबून बघा.